पायविहिरीच्या दोन बाजू

मी निघाले त्या सकाळी तोरल माझ्याकडे पाठ करून चुलीत लाकडं सारत होती. खरं म्हणजे तिला लाकडांची गरज नव्हती. तळहात नुसता धरला तरी तिची चूल पेटायची. पण तोंड लपवायला काहीतरी काम लागतं. तिच्या घरात मी सतराव्या वर्षी आले आणि चाळिशीला टेकल्यावर निघाले होते. एवढ्या वर्षांचं सामान एका गाठोड्यात बसलं: लोकरी बंड्या, वाळवलेले कंद आणि तिनं विणलेला कंबरेचा पट्टा.

पायविहिरीपर्यंत ती आली नाही. बाकी गाव आलं. उमरेडचे कोष्टीबाबा आले. त्यांनी मला नागपुरातल्या आपल्या बहिणीच्या घराची खूण सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच थांबले. "राहू दे पोरी, कोनी उरलं नसन तेथं," म्हणाले. कामठीचे हवालदार आले. हे दोघंही माझ्यासारखेच इकडचे, वाट चुकून तिकडे, तोरलच्या जगात, पोचलेले. विहिरीतलं दार पुन्हा उघडलं होतं, हवं तर त्यांनाही माझ्याबरोबर येता आलं असतं. मी तसं म्हटलं तेव्हा हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तेथं आता आमाले कोन ओळखते?" मला तरी कोण ओळखणार होतं?

तोरल, कोष्टीबाबा, हवालदार, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यापर्यंत यायची वाट बंद झाली. ती कशी बंद झाली तेच सांगायचं आहे. आणि इकडे भंडाऱ्याला, सिवनीला, कुठंही माझ्यासारखं कुणी परत येऊन "मुंबईला होतो" असं घरच्यांना सांगून गप्प बसलेलं असेल, तर त्यांच्यासाठीही.

आमचं घर इतवारीतलं. बाबांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दिवसभर ठोक्यांचा आवाज कानात असायचा. काटोलच्या पुढं एका खेड्यात मावसबहिणीचं लग्न होतं म्हणून आम्ही बैलगाडीनं गेलो होतो. गावाच्या मालगुजारांची जुनी पायविहीर होती, दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या. वऱ्हाडासाठी पाणी आणायला घागर घेऊन मी खाली उतरले, घागर भरली आणि वर चढले. वर ना मांडव होता, ना गाव. थंडी होती, आणि खांबांवर उभी केलेली लाकडी घरं होती.

कुठंही परगावी निघालं की माझी माय एकच सांगायची, "गेल्या ठिकानी आधी पानी कोठं हाय ते पाय, मंग मानसं पाय." पाणी तर माझ्या डोक्यावरच होतं. मग माणसं बघितली. समोर तोरल उभी होती, माझ्याहून थोडी मोठी. तिनं माझ्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

त्या जगाबद्दल इकडे मला फार विचारतात, आणि जे सांगण्यासारखं आहे ते कुणाला ऐकायचं नसतं. तिथं मिरची नाही. तिथं कावळे नाहीत, हे लक्षात यायला मला एक वर्ष लागलं आणि लक्षात आल्यावर मी दोन दिवस रडले. जनावरं आहेत, आपल्याकडे नाहीत अशी. काही हत्तीहून मोठी, काही धुरासारखी. आणि काही माणसांच्या अंगात जन्मतः असतं: कुणाच्या हातून आग निघते, कुणाच्या आवाजानं धावतं जनावर जागच्या जागी थबकतं. गावाची राखण हीच माणसं करतात. पण त्यांना स्वतःला थांबता येत नाही. आग एकदा निघू लागली की ती आपल्याच हाताला खाऊ लागलेली त्यांना कळत नाही. म्हणून अशा प्रत्येकामागे एक साधं माणूस उभं राहतं, पाठीवर तळहात ठेवून. तिकडच्या भाषेत त्याला थिल म्हणतात. मी मराठीत आवरणारी म्हणते. तळहात दाबला की थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही. तोरलच्या पाठीमागे मी इतकी वर्षं उभी राहिले की तिचा श्वास कुठं अडखळणार हे मला तिच्याआधी कळायचं.

माझ्यामागं बंद झालेलं विहिरीतलं दार पुढं पुन्हा उघडलं, आणि या खेपेला ते उघडंच राहिलं. तिकडची जनावरं इकडे उतरू लागली. तिकडच्या म्हाताऱ्यांनी विचार केला की इकडच्या लोकांना यातलं काही ठाऊक नसणार, मरतील बिचारे. कुणीतरी जाऊन शिकवायला हवं, आणि इकडची भाषा बोलणारं हवं. मी वर्षानुवर्षं परत जाण्याचे नवस बोलले होते. ते बोलणं जेमतेम सुटलं होतं, आणि तेव्हाच त्यांनी मला जायला सांगितलं.

मी वर आले ती त्याच विहिरीतून. गावाभोवती आता संत्र्याच्या बागाच बागा होत्या. काटोलपासून मोटार-लॉरीत बसले. बैलगाडीला दोन दिवस लागायचे तो रस्ता दुपारच्या आत संपला. सीताबर्डीवर विजेचे दिवे होते, पोरांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या, आणि इतवारीत माणसांना चालायला जागा नव्हती. ठोक्यांचा आवाज मात्र तोच होता. त्या आवाजाच्या मागानं मी आमच्या दारात पोचले.

पितृपक्ष चालू होता. दादाला मी ओळखलं, कारण तो हुबेहूब बाबांसारखा दिसत होता. त्यानं मला ओळखलं नाही. वहिनीला तर मी ठाऊकच नव्हते. आई-बाबा कधीच गेले होते. ओळख पटायला दुपार गेली. मी आईच्या हातावरच्या भाजल्याच्या डागाबद्दल बोलले तेव्हा दादा खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग कळलं की माझी कणकेची बाहुली करून त्यांनी तिचे संस्कार केले होते आणि दर वर्षी सर्वपित्रीला माझ्या नावाचं पान वाढलं जायचं. आता या वर्षी काय करायचं, असं वहिनीनं भटजींना विचारायला पाठवलं. भटजींनाही सुचेना. शेवटी पान वाढायचं असंच ठरलं, मोडायला नको म्हणून. गच्चीवर माझं पान ठेवलं आणि मी शेजारी उभी राहून पाहत होते. कावळा लगेच शिवला. दादानं सुटकेचा श्वास सोडला. मी हसले, ते कुणाला आवडलं नाही.

मी त्या घरात नीट मावले नाही. वहिनी वाईट नव्हती, पण मेलेल्या माणसाला रोज भात वाढायचा म्हणजे कठीणच. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून माझे पाय बघून जायच्या, सरळ आहेत की उलटे. मग दादानं गल्लीच्या टोकाची एक रिकामी कापसाची वखार भाड्यानं घेऊन दिली. मागं मोठं अंगण होतं. मी तिथं राहायला गेले, आणि माझं शिकवणं तिथंच सुरू झालं.

दार उघडल्यापासून तिकडचं वारं इकडे आलं होतं, आणि त्यानं इकडच्याही काही माणसांत ते अंगातलं जागं केलं होतं. काटोलजवळच्या त्या मालगुजारांनी स्वतःच्या विहिरीतून काय काय चढताना पाहिलं होतं, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवणारे ते पहिले. त्यांनी आणि शहरातल्या आणखी काही प्रतिष्ठितांनी मिळून शिकारी जमवले. त्यातले दोन माझ्याकडे आले.

एक चंद्रभागा, सगळे तिला चंद्री म्हणत. कोष्ट्याची मुलगी, अठराएक वर्षांची, मागावर बसणारी. मागावरचं सूत एकदा तिच्या बोटांतून जळालं तेव्हा घरच्यांना कळलं. तिच्या हातात जेवढी आग होती तेवढी मी तोरलच्याही हातात पाहिली नव्हती. दुसरा माधव. महालातल्या कारकुनी घराण्यातला. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या बरोबर आलेले, हे तो पहिल्याच भेटीत सांगायचा. वकिलीचा अभ्यास करत होता. त्याचा आवाज असा होता की त्यानं "थांब" म्हटलं की अंगणातली पाखरं हवेतच थबकायची. देवानं दोघांना दिलं ते असं भरभरून, आणि ऐकायचे कान मात्र दिले नाहीत.

पहिल्या दिवशी चंद्रीनं मला विचारलं, "बाई, तुमच्या हातात काय हाय?"

"काही नाही," मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर पुढं कित्येक महिने माझ्या अंगणात रोज येत राहिली.

मी काय शिकवत होते? थांबायला. आग काढायला चंद्रीला शिकवायची गरज नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवायची, ती आग काढायची, मी हात दाबायची, आणि ती थांबायची नाही. "अजून होतं ना हातात," असं म्हणायची. बोटांची टोकं लाल झालेली असायची. माधवचं दुखणं वेगळं. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं. तळहात का दाबला, आत्ताच का, याला नियम काय? मी सांगायची की नियम नाही, श्वास ऐकावा लागतो. मग तो मला समजावून सांगायचा की जिला नियम सांगता येत नाही ती विद्याच नव्हे. तोंडावर बोलणं गोड, "बाई, आपला अनुभव मोठा आहे" वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात शिकार झाली की लोक हार घेऊन यायचे. वर्धेच्या रस्त्यावरचं एक जनावर त्यांनी माझ्याविना जाऊन मारलं. त्याची कातडी टाऊन हॉलसमोर मांडली होती. चंद्रीचा हात आठवडाभर सुजलेला होता हे कुणालाच दिसलं नाही.

तोरल, त्या दिवसांत मला तुझा इतका राग यायचा. तू मला सांगायला हवं होतंस की तुला आवरणं सोपं होतं म्हणून मला जमलं. मला वाटायचं, मला येतं.

मग बागांमधलं पाणी आटू लागलं. एका विहिरीनंतर दुसरी, आणि दुसरीनंतर तिसरी. संत्र्याची पानं भर श्रावणात गुंडाळू लागली. गावकरी त्या जनावराला शोष्या म्हणू लागले. वर्णन ऐकताच मी ओळखलं. तिकडं त्याला होरू म्हणतात. ओल्या पाटीसारखा रंग, डोळे नाहीत, लांब मान, बैलगाड्यांच्या रांगेएवढं अंग. कुणाला चावत नाही, नुसतं पाणी पितं, पोटात साठवतं आणि डोंगरात जाऊन सोडतं. तिकडं त्याला कुणी मारत नाही. उष्णता नको असते त्याला, म्हणून आगवाला मागं राहतो आणि गुरासारखं हाकत नेतो. मारलं तर पोटातलं सगळं पाणी एकदम फुटतं, आणि आजूबाजूची जमीन घेऊन जातं.

मी म्हणाले, हाकत पायविहिरीपर्यंत न्यायचं आणि खाली उतरवायचं. स्वतःच्या जगात जाईल. मालगुजारांना पटलं. सगळे उठल्यावर माधव वखारीच्या दारात थांबला.

"बाई, एक विचारू? ते जनावर जिवंत राहावं असं आपल्याला वाटतं, की ते दार उघडं राहावं असं?"

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्या मुलाच्या खरेपणाबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्यामुळेच तो असा खुपायचा. पावसाळा संपला की मी तिकडे परत जायचं ठरवलं होतं, दोघांना थोडं वळण लागलं की. हे मी कुणाला बोलले नव्हते. त्यानं ते ओळखलं होतं.

सकाळीच सुरुवात केली. बागेच्या कडेनं अख्खं गाव जमलं होतं. नको नको म्हटलं तरी झाडांवर पोट्टे चढले होते. होरू शेवटच्या विहिरीवर मान टाकून पडला होता. चंद्री त्याच्या मागं, मी चंद्रीच्या मागं तळहात ठेवून, माधव बाजूनं. आणि तोरल, तू असतीस तर पाहिलं असतंस, किती छान चाललं होतं. चंद्री एवढीशी आग सोडायची, होरू पुढं सरकायचा. मी दाबलं की ती थांबायची. पहिल्यांदाच थांबत होती. तो वळायला लागला की माधव एक शब्द टाकायचा आणि होरू पुन्हा वाटेवर यायचा. झाडांच्या दोन रांगांमधून आम्ही त्याला असं नेलं जसं लग्नातल्या म्हाताऱ्याला हाताला धरून पंगतीत नेतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, शिकली पोरं, आता मी जाऊ शकते.

पायविहिरीच्या पायऱ्यांवर तो अडला. पुढचं अंग खाली गेलं आणि पोट अडकलं. तिकडचं वारं त्याला लागलं असावं, कारण तो ओरडला. मी त्याचा आवाज तिकडं कितीदा ऐकला होता, पण असा कधी नाही. लोक पळाले. तो मान वर करून मागं फेकू लागला. माधव पायऱ्यांच्या कठड्यावर उभा होता. त्यानं "थांब" म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरला. घशातून नुसती हवा आली. मी पाहिलं, त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं नाही. मानेचा फटका कठड्याला बसला, कठडा गेला आणि माधव पायऱ्यांवर होरूच्या मानेखाली पडला.

चंद्रीची पाठ माझ्या हाताखाली तापली. मी दाबलं. सगळं बळ लावून दाबलं. तिनं आग सोडली.

काय झालं ते डोळ्यांना नीट दिसलं नाही. उजेड झाला आणि मग पाणी आलं. पाच गावांच्या विहिरींचं पाणी एका पोटातून एका वेळी आलं. पाण्यानं मला झाडात नेऊन टाकलं. शुद्ध आली तेव्हा जिथं पायविहीर होती तिथं चिखलाचं तळं होतं. दगड, पायऱ्या, कमान, सगळं खाली गेलं होतं. माधव जिवंत होता. मालगुजारांच्या माणसांनी त्याला संत्र्याच्या खोडाला धरलेलं काढलं. चंद्री चिखलात बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून, आणि त्या हाताकडे मला बघवेना.

लोक परत आले. विहिरी भरल्या होत्या. वाजंत्री कुठून आली कोण जाणे. मालगुजारांनी पेढे वाटले, एक माझ्याही हातावर ठेवला. तो हातात धरून मी त्या तळ्याकडे बघत होते, आणि बाया माझ्या पाया पडत होत्या.

मला राग कुणावर करायचा तेच सापडेना. ते सगळ्यांत वाईट होतं. चंद्रीवर करावा तर तिनं आग सोडली नसती तर माधव मेला असता. माधववर करावा तर तो आपल्या जागेवर शेवटपर्यंत उभा होता. होरूवर करावा तर त्याला घरीच जायचं होतं. मी वखारीचं दार लावून घेतलं आणि बाहेर येईना. दादा यायचा, दाराबाहेर डबा ठेवून जायचा. महालात माधवचा सत्कार झाला. त्यात कुणीतरी त्याच्या वतीनं माझ्याबद्दल खूप बोललं म्हणे. मी गेले नाही.

चंद्री आली ती हाताला फडकी गुंडाळून. इस्पितळातून थेट आली होती. मी दार उघडलं नाही, म्हणून ती अंगणात गेली आणि मागच्या खिडकीशी उभी राहून बोलली.

"बाई, तुमचा हात मले समजला होता. एकदम बरोबर समजला होता. पन माधवराव खाली होते."

ती खिडकीला आणखी टेकली.

"तुमी असत्या तर काय केलं असतं?"

"माह्या हातात काही नाही वं," मी म्हणाले. "मले कधी ठरवाच लागलं नाही."

तिनं डावा हात खिडकीतून आत धरला. मग म्हणाली, डॉक्टर म्हणतात उजवी बोटं वळणार नाहीत, पण डाव्या हातात तिला आग जाणवते, वेडीवाकडी, कुठंही फुटते, घरात दोन लुगडी जळाली, आई रडून राहिली. आता डाव्या हाताचं काय करायचं ते सांगा. मी कडी काढली. दुसरं काय करणार होते?

माधव महिनाभरानं आला. त्याचा आवाज गेला तो गेलाच. घोगरी कुजबूज उरली होती, तीही दमून बोललेली. वकिली सोडावी लागणार, कोर्टात कुणाला ऐकू जाणार? तो पायरीवर बसला आणि म्हणाला की मला मागं उभं राहायला शिकवा. चंद्रीच्या मागं. मी त्याला नीट बघितलं. चेष्टा नव्हती. मी म्हणाले, यात हार मिळत नाहीत. त्याला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "बाई, आता तरी कारण विचारणार नाही." आणि पुढच्याच वाक्यात विचारलं की उजव्या तळहातानं दाबायचं की डाव्या, आणि तसं का.

आता सांगते, आवरणारा म्हणून माधव फार वाईट आहे. चंद्रीचा श्वास अडखळायच्या कितीतरी आधी दाबतो, भीतीनं. मग चंद्री चिडते. मग तो आपल्या कुजबुजीत तिला पटवू लागतो, आणि तोवर ती मुद्दाम आणखी आग काढते. रोज. इकडेच अडकलेली तिकडची जनावरं अजून रानांतून आहेत, गेल्या आठवड्यात रामटेकहून निरोप आला, आणि माझ्याकडे आहेत ते हे दोघं. एकीचा अर्धा हात गेलेला, दुसऱ्याचा आवाज. मी कपाळाला हात लावते. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगायची सोय असती तर सांगितलं असतं की दुसरं कुणी पाठवा.

वैशाखाचं ऊन लागलं की मी दाराला वाळ्याची तट्टी लावते आणि तिच्यावर पाणी मारते. काल दुपारी मी आत भाकरी थापत होते. अंगणात त्या दोघांचं चालू होतं. "काहून दाबलं गा आत्ता?" चंद्रीचा आवाज. मग त्याची कुजबूज, लांबलचक. मग पुन्हा तिचा आवाज. आणि मग तट्टीनं भस्सकन पेट घेतला. ओली होती तरी. मी पिठाच्या हातानं बाहेर आले, बादली उचलली, ओतली, आणि दोघांवर ओरडले.

"तुमचं भांडन रस्त्यावर जाऊन करा. माह्या घरात हे चालनार नाही."

दोघं गप्प झाली. मीही गप्प झाले, वेगळ्या कारणानं. आईबाबांचं घर दादाचं झालं होतं. तोरल, तुझ्याकडे मी आयुष्याचा मोठा भाग काढला, जेवले, आजारी पडले, तुझ्यामागं उभी राहिले, पण तुझ्याही घराला मी असं कधी म्हटलं नव्हतं. वखारीत येऊन तर मी जायचीच तयारी करत होते, आणि जायचं राहिलं त्यानंतरही ती माझ्या तोंडी वखारच होती. त्या जळक्या तट्टीपुढं, हातावर पीठ घेऊन, रागाच्या भरात तो शब्द निघाला, आणि निघाल्यावर मला त्यात काही चुकीचं सापडलं नाही. मला आनंद झाला असं म्हणणार नाही. डोकं अजून तापलेलं होतं, आणि तव्यावरची भाकरी करपली होती.

माधवनं घसा खाकरला. "तट्टी मी नवी आणून देतो," तो म्हणाला.

"आजच आन," मी म्हणाले. "आत ऊन येऊन राहिलं."